भज्जीतल्या शेंगा

मार्गशीर्ष अमावस्येला धाराशिव, लातूर आणि लगतच्या सोलापूर पट्ट्यात गावं रिकामी होतात आणि शिवारं भरतात. ही वेळ अमावस्या, बोलीत येळवस. त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते आणि जो तो कुणाच्या ना कुणाच्या शेतात जेवायला असतो. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, कोपीत चुन्याने रंगवलेले पाच पांडव, समोर आंबिलाचं मडकं, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि या सगळ्याच्या मधोमध भज्जी. भज्जी म्हणजे इथे तळण नव्हे. तुरीचे ओले दाणे, वालाच्या शेंगा, पावटा, वाटाणा, हरभऱ्याचे कोवळे घाटे, वांगं, गाजर, मेथी, चुका, कांद्याची पात, असं त्या आठवड्यात जे हिरवं हाताला लागेल ते एकत्र शिजवायचं, चिंचेचा कोळ घालायचा, बेसन लावायचं. घरोघरी ती वेगळी होते, कारण तिची पाककृती स्वयंपाकघरात ठरतच नाही. ती शिवाराचा हजेरीपट आहे. डिसेंबरअखेर रानात कोण कोण हजर आहे ते तिच्यावरून कळावं. म्हणूनच सणाच्या आदल्या दोन दिवसांत तालुक्याच्या बाजारांत जे दिसतं ते खटकतं. भज्जीच्या भाज्यांचे वाटे मांडलेले असतात, शेंगांचे भाव चढलेले असतात, आणि पिशव्या भरून नेणाऱ्यांत ज्यांच्या नावावर सातबारा आहे अशी माणसंही असतात. शेताच्या सणाला शेंगा बाजारातून शेतात जातात.

याचं कारण विचारलं तर ठरलेलं उत्तर मिळतं: पाणी कुठंय? धाराशिवबद्दल कुठलाही प्रश्न विचारा, उत्तर पाण्यापाशी येऊन थांबतं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. हिरव्या शेंगेच्या बाबतीत मात्र मला ते पटत नाही. शेंग रानातून गेली ती तहानेने गेली नाही. तिला दर तीन-चार दिवसांनी कुणीतरी वाकून तोडावं लागतं, आणि आजच्या शेतीच्या हिशेबात अशा तोडणीला रकानाच उरलेला नाही, म्हणून ती गेली. हे म्हणणं तपासायचं तर आधी ‘हिरवी शेंग’ या नावाखाली आपण कोणती पिकं एकत्र कोंबतो ते पाहायला हवं, कारण त्यांचे स्वभाव एकमेकांना अजिबात मिळत नाहीत.

एका बाजूला श्रावण घेवडा, म्हणजे फरसबी. हे रोप मूळचं अमेरिका खंडातलं. मेक्सिकोच्या परिसरात आणि अँडीज पर्वताच्या कुशीत ते दोनदा, स्वतंत्रपणे माणसाळवलं गेलं, आणि १४९२ नंतर युरोपीय जहाजांबरोबर जगभर पसरलं. राजमा हाही तोच. शेंग कोवळी खुडली तर फरसबी, वाळू दिली तर राजमा. जाती वेगळ्या, वनस्पती एकच. दुसऱ्या बाजूला वाल, पावटा, चवळी, हुलगा, मूग, उडीद आणि अर्थात तूर. ही मंडळी दख्खनच्या मातीत फार जुनी. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात ताम्रपाषाण काळातल्या घरांमधून हुलग्यासारख्या कडधान्यांचे जळके दाणे सापडले आहेत; म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीही कुणाच्या तरी चुलीवर हुलगा होता. पण जुनं म्हणजे आपलं आणि नवं म्हणजे परकं अशी वाटणी मला करायची नाही. मिरची, शेंगदाणा, बटाटा ही सगळी तिकडचीच, आणि मिरचीवाचून भज्जी कोण खाईल? प्रश्न वयाचा नाही. या जमिनीशी, या पावसाशी आणि इथल्या कामाच्या वेळापत्रकाशी कुणाचं जमतं, एवढाच प्रश्न आहे.

वालाचं ज्या तऱ्हेने जमतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. गावठी वालाची वेल जूनमध्ये लावली तरी श्रावणात तिला शेंग येत नाही. ती नुसती वाढत राहते, कुंपणावर, बाभळीवर, गोठ्याच्या छपरावर चढते. पाऊस सरतो, दिवस लहान होऊ लागतात, आणि मग कुठे जांभळी-पांढरी फुलं उभ्या तुऱ्यांवर दिसायला लागतात. ही वेल दिवसाची लांबी मोजते. लवकर पेरून तिला घाई करता येत नाही आणि थोडी उशिरा पेरली तरी ती फारशी मागे पडत नाही. शेंगा धरायच्या त्या हिवाळ्यातच. तोवर तिची मुळं काळ्या जमिनीत खोल उतरलेली असतात आणि पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर तिचं भागतं. धाराशिवला वर्षाकाठी सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बराचसा जून ते सप्टेंबरात. त्यानंतर शेतात जे पाणी असतं ते मातीच्या पोटात. त्या पाण्यावर जगायची कला रब्बी ज्वारीला येते, करडईला येते आणि वालाला येते. रायगडात भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल-पावटा घेतात आणि थंडीत मडक्यात शेंगा भाजून पोपटी करतात, तीही याच गुणावर. तिथे पाऊस आपल्या चौपट असेल, पण नोव्हेंबरनंतर तिथलं रानही कोरडंच असतं. येळवसच्या भज्जीत वालाची शेंग आहे ती याच हिशेबाने. सणाने वेलीची तारीख गाठली, वेलीने सणाची नव्हे. (संशोधकांनी दिवसाच्या लांबीला न जुमानणाऱ्या बुटक्या जातीही काढल्या आहेत. दापोलीचा कोकण भूषण आणि बंगळुरूचे अर्का जय, अर्का विजय वर्षात केव्हाही शेंग देतात. बाजारासाठी ते चांगलंच, पण पाणीही मग केव्हाही द्यावं लागतं.)

श्रावण घेवडा याच्या अगदी उलट. त्याला घड्याळ नाही, पण नखरे आहेत. पंधरा ते पंचवीस अंश तापमान मानवतं. तिशीच्या वर पारा जाऊन टिकला की फुलं गळायला लागतात. मुळं उथळ, त्यामुळे पाण्याची पाळी चुकली की शेंग वाकडी होते आणि पाणी साचलं की झाड पिवळं पडून बसतं. धाराशिवच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत त्याला लोह आणि जस्त नीट उचलता येत नाही. एप्रिल-मेचं इथलं ऊन पाहता उन्हाळी लागवडीचं नावच काढू नये. उरतो तो सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरातला पेरा, हलकी ते मध्यम निचऱ्याची जमीन, ठिबक, आणि कंटेंडर किंवा फुले सुरेखासारखी बुटकी जात. पंचेचाळीस-पन्नास दिवसांत पहिली तोडणी येते आणि तीही गंमत म्हणजे येळवसच्या आगेमागे. म्हणजे तो इथे येतच नाही असं नाही. खर्च करून, जपून घेतला तर येतो. पण त्याच्याबद्दल एक गैरसमज कृषी मेळाव्यांतून सर्रास ऐकवला जातो, तो मोडायला हवा. शेंगवर्गीय पीक म्हणजे मुळांवर गाठी, गाठी म्हणजे हवेतला नत्र, म्हणून जमीन आपोआप सुधारते, अशी ती साखळी आहे. वाल, चवळी, मूग, तूर यांच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी खरी आहे. घेवडा आणि राजमा यांच्या मुळांवर मात्र आपल्या जमिनीत गाठी फारशा धरत नाहीत. म्हणूनच हरभऱ्याला हेक्टरी पंचवीस किलोच्या आसपास नत्र सांगतात आणि राजम्याला शंभर-सव्वाशे किलो. जो शेतकरी ‘डाळवर्गीय आहे, युरिया कशाला’ म्हणून हात आखडता घेतो, त्याचा घेवडा फिका आणि खुजा राहतो, आणि दोष मग बियाण्याला मिळतो.

तरी राजम्याने या बालाघाटाच्या पठारावर अलीकडे थोडे पाय रोवले आहेत. हरभऱ्याऐवजी रब्बीत राजमा घेणारे शेतकरी मराठवाड्यात दिसू लागले आहेत. ते का, हे पाहिलं की माझ्या मुद्द्याला आधारच मिळतो. राजमा हिरवा तोडायचा नसतो. तो एकदम वाळतो, एकदम उपटता येतो, मळता येतो, पोत्यात भरून भावाची वाट पाहत ठेवता येतो. त्याच झाडाची हिरवी शेंग मात्र चार दिवसांत जून होते, तोडल्यावर दोन दिवसांत मलूल पडते आणि भाव पडला म्हणून घरी थांबत नाही. एकच वनस्पती, वाळलेल्या रूपात ती शिवारात येते आणि हिरव्या रूपात बाहेर राहते. पाणी हे खरं कारण असतं तर हा भेद पडला नसता.

पाण्याच्या आक्षेपाला आणखी एक उत्तर शिवारातच उभं आहे. घेवड्याला पूर्ण हंगामात तीनशे ते पाचशे मिलिमीटर पाणी पुरतं. उसाला दोन हजारांच्या घरात लागतं. ढोकीच्या तेरणेपासून रांजणीच्या नॅचरल शुगरपर्यंत या जिल्ह्याने साखर कारखाने उभे केले, त्यांना ऊस पुरवला, आणि टँकरच्या वर्षांतही उसाखालचं सगळं क्षेत्र मोडलं नाही. ज्याच्या विहिरीला पाणी आहे तो शेंग लावत नाही, ऊस लावतो, आणि त्यात त्याचा मूर्खपणा मुळीच नाही. ऊस एकदा लावला की तोडणी टोळीवर सोपवता येते, जनावर त्याची फार नासाडी करत नाही, भाव आधी ठरतो, आणि मालक पुण्याला नोकरीला असला तरी ऊस वाढतो. शेंगेचा मालक गावात असावा लागतो. नुसता गावात असून भागत नाही, सकाळी रानात असावा लागतो.

सोयाबीनची कहाणी हीच, फक्त कोरडवाहू. नव्वदीच्या दशकापासून हे पीक मराठवाड्यात शिरलं आणि खरिपाचा चेहरामोहराच त्याने बदलला. आधी उडीद, मूग, तूर, ज्वारी, मधून अंबाडी, तीळ, कडेला चवळी-वाल अशी मिसळ होती. सोयाबीनने तिफणीच्या सगळ्या नळ्यांना एकच बियाणं दिलं. तणनाशक मारायचं तर शेतात एकच पीक हवं. काढणी एकरी उक्ती द्यायची तर मधल्या भलत्या ओळी मजुराला अडचणीच्या. मळणी यंत्र लावायचं तर वेलीचा गुंता नको. एकेक सोय करत गेलं की इरवाडाची, म्हणजे मिसळपिकाची, ओळ आपोआप गळते, आणि बांध नांगरून नांगरून इतका अरुंद होतो की वेलीला टेकायला जागा राहत नाही. मुगाचंही तेच झालं. त्याच्या शेंगा एका वेळी पिकत नाहीत, दोन-तीनदा तोडायला लागतात, आणि नेमक्या भाद्रपदाच्या झडीत उभ्या शेंगांना मोड फुटतात. मुगाला पाणी कमीच लागतं, तरी तो मागे सरला. यापरता चांगला पुरावा मला सुचत नाही.

इथे माझ्यावर सगळ्यात जड आक्षेप येतो आणि तो बाजाराचा आहे. सोयाबीनची तुम्ही कितीही नालस्ती करा, ते दिवाळीच्या तोंडावर रोकड देतं. लातूरची बाजारपेठ हाकेच्या अंतरावर आहे, आडत्या ओळखीचा आहे, पोतं टाकलं की पट्टी हातात. शेंगांचं काय? दोन क्विंटल घेवडा घेऊन सोलापूरला जायचं, तिथे त्याच दिवशी दुसरीकडून गाड्या आलेल्या असायच्या, आणि भाड्याचेही पैसे निघू नयेत. हा आक्षेप खरा आहे. हिरव्या शेंगांचे एकरच्या एकर लावा असं जो धाराशिवच्या शेतकऱ्याला सांगेल, त्याने आधी तोडणीची मजुरी, भाडं आणि शीतगृहाचं अंतर कागदावर मांडून दाखवावं. पुरंदरचा घेवडा-वाटाणा चालतो कारण पुण्याचं मार्केट यार्ड दाराशी आहे. साताऱ्यातल्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण तोही वाळवून पोत्यात जातो. मला एवढंच दाखवायचं आहे की सोयाबीनची रोकडही आता तितकी खात्रीची राहिलेली नाही. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारातला भाव महिनोन् महिने त्याच्या खाली. पुढच्याच वर्षी, २०२५ च्या सप्टेंबरात, परंडा आणि भूम भागात शिवारं पाण्याखाली गेली, नेमकी शेंगा भरून काढणीला आलेल्या सोयाबीनवर. ज्या रानातली मातीच वाहून गेली तिथे कुठल्याच पिकाचं काही चाललं नसतं. पण जिथे नुसता पावसाने मार दिला, तिथे एकाच आठवड्यात पिकणारं एकच पीक सगळं गमावून बसलं. वालाची वेल त्या वेळी फुलावरही आलेली नसते. तिचा हंगाम अजून पुढेच असतो.

आणि वालाला, चवळीला, तुरीला जी सोय आहे ती श्रावण घेवड्याच्या भाजीच्या जातींना तितकी नाही. त्यांची शेंग कोवळी खाता येते, दाणा भरला की सोलून खाता येतो, आणि हात पोचले नाहीत, भाव पडला, घरात लग्न निघालं, तर वेलीवरच वाळू देऊन डाळ करता येते. तोडणी चुकली म्हणजे माल गेला असं होत नाही. माल दुसऱ्या रूपात येतो. तुरीचे पाटे आजही सोयाबीनमध्ये टिकून आहेत ते याच गुणामुळे. परभणीच्या कृषी विद्यापीठाची सोयाबीनच्या चार ओळींना तुरीच्या दोन ओळी ही शिफारस शेतकऱ्यांनी उचलली, कारण तीत सोयाबीन काढून झाल्यावर तूर एकटी उभी राहते आणि यंत्राला आड येत नाही. येळवसच्या भज्जीत आज स्वतःच्या रानातलं काही खात्रीने असेल तर ते तुरीचे ओले दाणे. बांधावर आणि कुंपणाला वाल, परसात चवळी आणि ज्याच्याकडे ठिबक आहे त्याने रब्बीत दोन-चार गुंठे श्रावण घेवडा, एवढ्याला कुठला बाजार आडवा येत नाही. त्याचं गिऱ्हाईक घरातच बसलेलं असतं, आणि उरलं तर आठवडी बाजार आहे. वाळलेला पाला आणि टरफलं शेळ्या खातात. ज्या जिल्ह्याच्या उस्मानाबाद या जुन्या नावाने शेळीची एक जात देशभर ओळखली जाते, तिथे हा लाभ किरकोळ समजू नये.

दुसरा आक्षेप वेगळ्या जातीचा आहे आणि तो करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. ते म्हणतात, तुम्ही गरिबीचे गोडवे गाताय. मिसळपेरणी होती तेव्हा हुलग्याचं माडगं पिऊन दिवस काढणारी घरंही होती. १९७२ च्या दुष्काळात त्या वैविध्याने कुणाला वाचवलं नाही, खडी फोडण्याची कामं आणि सुकडी यांनी वाचवलं. आणि त्या शेंगा तोडत कोण होतं? बायका. दिवसभर मजुरी करून, सकाळ-संध्याकाळ ओट्यात शेंगा तोडायच्या, वालाच्या शेंगेचा तो तेलकट, उग्र वास हाताला दिवसभर चिकटलेला, ढगाळ हवेत मावा पडला की बोटं काळी-चिकट; आणि या कामाची मजुरी शून्य. यंत्राने आणि उक्त्या काढणीने ते काम संपवलं असेल तर बरंच झालं. हे मला मान्य आहे. बिनमोल श्रमावर उभी असलेली विविधता परत आणा असं म्हणणं सोपं असतं, विशेषतः ज्याला वाकायचं नसतं त्याला.

पण या आक्षेपात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: शेंग तोडणारी बाई तोडणीला कायम दुसऱ्याच्या सांगण्यावरूनच जाणार. तसं नसलं तर काय होतं, याचा दाखला याच जिल्ह्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादेत काम करू लागलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने पुढे दुष्काळाच्या वर्षांत ‘एक एकर’ शेतीचा प्रयोग केला. बाईने घरच्या जमिनीतून अर्धा-एक एकर स्वतःच्या निर्णयाने कसायला मागून घ्यायचा, आणि त्यात सोयाबीन-ऊस सोडून आधी घरात खाल्लं जाईल असं, म्हणजे भाज्या, कडधान्यं, धान्यं असं मिसळ पीक घ्यायचं. २०१६ साली या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. या तुकड्यावरही तोडणी बाईच करते, वाकावं तिलाच लागतं. फरक इतकाच, की काय पेरायचं, किती घरात ठेवायचं आणि किती विकायचं हे ती ठरवते, आणि भाजीवर खर्च होणारे पैसे वाचतात ते तिला दिसतात. तोडणीचा रकाना हिशेबात पहिल्यांदाच येतो, कारण हिशेब करणारी आणि तोडणारी एकच असते.

हा विचार कुणाला समाजसेवी भाबडेपणाचा वाटत असेल तर शरद जोशींची आठवण करून द्यायला हवी. शेतमालाच्या खुल्या बाजाराची बाजू त्यांच्याइतकी ठासून मांडणारा माणूस महाराष्ट्रात क्वचितच झाला. त्याच जोशींनी १९९१ साली शेगावच्या मेळाव्यात चतुरंग शेती मांडली, आणि तिचं पहिलं अंग होतं सीताशेती: घरच्या बाईच्या हाती जमिनीचा एक तुकडा, त्यावर कमी खर्चाची, घरच्या उपयोगाची, प्रयोगाची शेती. निर्यात शेती आणि व्यापार शेती त्याच यादीत होत्या. म्हणजे कडक बाजारवाद्यालाही बाजाराच्या शेतीशेजारी एक वेगळा तुकडा हवा होता. त्याआधी त्यांनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली होती, बाईच्या नावावर जमीन करून देण्याची. एक एकरच्या प्रयोगात जमीन कसायला मिळते, पण सातबारा बहुतेक ठिकाणी जुन्याच नावावर राहतो. पुढच्या वर्षी सोयाबीनचा भाव वधारला तर तो तुकडा परत मागितला जाणार नाही, याची हमी कुठल्याही कागदावर नाही. वालाची वेल जूनमध्ये लावून डिसेंबरपर्यंत थांबायचं असेल, तर जमीन तोवर आपल्याकडे राहील एवढं तरी लावणारीला ठाऊक असावं लागतं.